म्हातारा पेशंट आणि पडका मांगर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली पेपर उघडला की 'महिन्याभरात अ‍ॅडव्हान्स व्होकॅब्युलरी' असल्या क्लासच्या जाहिराती दिसतात, म्हणून हे लिहायला बसलो. माझी मुलगी नर्स आहे, तिला यूकेला जायचंय. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५ लागतात. बाकी सगळं झालं पण रायटिंग ६ वर अडकलं, आणि का अडकलं ते कळायला आम्हाला दोन महिने गेले.

क्लासने (नाव नको, असे क्लास बरेच असतील) तिला तीन हजार शब्दांची झेरॉक्स दिली होती. डावीकडे इंग्लिश, उजवीकडे मराठी अर्थ, बस्स. रोज तीस पाठ करायचे. पोरगी नाइट ड्युटी करून यायची आणि पडवीत बसून पुटपुटत बसायची, मला आमच्या लहानपणीचे पाढे आठवायचे. एक दिवस तिने लिहिलेला निबंध मला वाचून दाखवला, त्यात म्हाताऱ्या पेशंटना 'डिलॅपिडेटेड' लिहिलेलं. मी विचारलं हे काय गं, तर म्हणाली लिस्टमध्ये अर्थ दिलाय, जर्जर. आता मराठीत म्हातारा जर्जर होतो हे खरं, पण इंग्लिशमध्ये हा शब्द मोडकळीला आलेल्या घराला, वाड्याला लावतात. माझी आई तिथेच फणसाचे गरे काढत बसलेली, तिला सांगितलं तर म्हणते, "म्हणजे मी काय पडको मांगर आसंय?" (मांगर म्हणजे आमच्याकडचं शेतातलं खोपट.)

हसलो खूप, पण त्या रात्री झोप लागेना. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो, मला तरी आधी लक्षात यायला हवं होतं. मग नेटवर शोधलं तर रायटिंग कसं तपासतात ते सगळं उघड दिलेलं आहे, फुकट. शब्दसंपत्तीला २५ टक्के. सहा बँडमध्ये (बँड म्हणजे गुणांची पायरी) साधारण असं की कमी वापरातले शब्द वापरायला जातो पण चुकतो, आणि सातमध्ये असं की कुठला शब्द कुठल्या शब्दाबरोबर बसतो याचं भान दिसतं. म्हणजे क्लासवाल्यांनी पैसे घेऊन तिला बरोब्बर सहासाठीच तयार केलेलं!

आपल्याकडे पाऊस मुसळधार पडतो, ऊन रणरणतं, अंधार मिट्ट असतो. मिट्ट पाऊस कोणी म्हणत नाही, आणि हे आपल्याला कोणी यादी देऊन शिकवलेलं नाही. इंग्लिशमध्ये पाऊस 'हेवी' आणि वारा 'स्ट्राँग', उलट केलं की ऐकणाऱ्याला खटकतं. वेदना 'अलिव्हिएट' करतात, रिस्क 'मिटिगेट' करतात, अर्थ दोन्हींचा कमी करणं असाच. शब्द पाठ करायचा तर जोडीदारासकट करावा, नाहीतर ऐन परीक्षेत तो भलत्याच्याच गळ्यात पडतो.

आणि तीन हजार कशाला? न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड बाईंनी २००० साली अ‍ॅकॅडमिक शब्दांची यादी काढली, त्यात ५७० कुटुंबं आहेत. कुटुंब म्हणजे अ‍ॅनालाइज, अ‍ॅनालिसिस, अ‍ॅनालिटिकल असं एका घरातलं सगळं. सिग्निफिकंट, फॅक्टर, इव्हॅल्युएट असले साधेच दिसणारे शब्द, पण अभ्यासाच्या पुस्तकात ते सारखे भेटतात. 'प्लेथोरा' (म्हणजे रेलचेल) त्यात नाही, आमच्या पोरीच्या निबंधात मात्र तीनदा होता.

आता तिने नवीन वही केलीय, एका पानावर चारच शब्द, प्रत्येकाखाली हॉस्पिटलमधल्या दिवसातलं स्वतःचं एक वाक्य. पुढच्या महिन्यात परत परीक्षा आहे, फी परत भरली, ती कमी नसते.

तुमच्या विद्यार्थी पानावर रोज एक शब्द त्याच्या जोडीदारासकट छापता आला तर बघा. त्या जाहिरातींच्या शेजारीच छापा, म्हणजे पोरांना दोन्ही एकदम दिसतील.

आपला,
एक निवृत्त मास्तर, देवगड तालुका