आजोबांची पट्टी आता पांढरी एक

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतीस आणि मी आमटी गॅसवर ठेवून आले होते, त्यामुळे जे बोलायचं ते राहूनच गेलं. थँक्सगिव्हिंगला युकुलेली, तुझी ती छोटी गिटार, आणशील ना, एवढंच विचारायचं होतं. तू म्हणालीस, "बुधवारी लॅब संपली की रात्रीच निघते", आणि पुढचं सगळं बोलणं त्या रात्रीवरच अडकलं. आज त्याबद्दल काही म्हणणार नाही. आज आजोबांबद्दल लिहायचंय.

झटका आल्यापासून त्यांना शब्द अजून सापडत नाहीत. मला 'बाय' अशी हाक मारायला जातात आणि 'बस' बाहेर पडतं. चुकलं हे त्यांचं त्यांना लगेच कळतं, मग डोळे मिटून घेतात. उजवा हात मांडीवर पडून असतो. पाणीसुद्धा घट्ट करून द्यावं लागतं, नाहीतर ठसका लागतो. हे सगळं तुला माहीत आहे. रविवारी काय झालं ते मात्र तू काल ऐकूनच घेतलं नाहीस.

छोटूने तुझा जुना व्हिडिओ लावला होता, गणपतीतला, ज्यात तू सोफ्याच्या हातावर बसून आरती वाजवते आहेस. मी भांडी लावत होते. मागून आवाज आला तो मला आधी व्हिडिओतलाच वाटला. वळून बघते तर आजोबा गात होते. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं, एक अक्षर न गाळता. ज्या माणसाला सकाळी 'चहा' म्हणता आलं नाही, त्याने अख्खी आरती म्हटली, मनू! डाव्या हाताने खुर्चीच्या हातावर ठेका धरून. संपल्यावर मी विचारलं, "बाबा, आणखी म्हणणार?" तर पुन्हा तेच, "ते... ते..."

सोमवारी स्पीच थेरपिस्टला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. बोलणं बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतं आणि आजोबांना मार बसलाय तो तिथेच. गाण्याला मात्र उजवी बाजूही हात देते. म्हणून पुष्कळांचं बोलणं जातं पण पाठ असलेलं गाणं राहतं. बॉस्टनच्या लोकांनी १९७३ साली यावरून उपचाराची पद्धतच बसवली. छोटी छोटी वाक्यं सुरावर म्हणायची, प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने टिचकी द्यायची, आणि हळूहळू सूर काढून घ्यायचा. गॅबी गिफर्ड्स, ॲरिझोनाच्या तेव्हाच्या संसद सदस्य, २०११ मध्ये डोक्यात गोळी लागल्यावर संगीताची मदत घेऊनच बोलायला लागल्या. प्रत्येकाचं तसं होतंच असं नाही, हेही थेरपिस्टने स्पष्ट सांगितलं. तुला खोटी आशा दाखवायला मी हे लिहीत नाहीये. पण डाव्या हाताने ठेका धरायला आजोबांना कोणी शिकवायला नको, एवढं मला कळतं.

आता मुद्द्याचं. त्यांची गाण्याची पट्टी उतरली आहे. मी पेटी काढून बघितलं. आयुष्यभर काळी एकमध्ये गायले, आता नीट पांढरी एकवर येतात. आठवतं, काळी एकसाठी तू त्या इवल्याशा वाद्याला कॅपो, तो तारा दाबायचा चिमटा, लावायचीस आणि तारा चढ्या लागतात म्हणून कुरकुर करायचीस? आता कॅपोची गरजच नाही. पांढरी एक म्हणजे तुझी सी कॉर्ड, एका बोटाचं काम, सगळ्यात खालच्या तारेवर तिसऱ्या पडद्याशी. सी, एफ आणि जी सेव्हन एवढ्यात आरती बसते, मी पेटीवर करून पाहिलं. लय मात्र तुझ्या व्हिडिओतल्यापेक्षा बरीच संथ हवी. वरून खाली एकच हात मार, उलटा फटका नको, नाहीतर त्यांना ओळ कुठे सुरू करायची ते सापडत नाही. पहिला शब्द त्यांच्या तोंडून येईपर्यंत सी वाजवत राहा. शब्द आला नाही तर नुसते ओठ हलवून दाखव, त्यांच्या आधी म्हणू नकोस. आणि सगळ्यांनी मिळून गायचं नाही, छोटूला मी...

बघ, वाजवणारी तू आणि शिकवते मी. रागावू नकोस. हे सगळं तुला माझ्याआधी सुचलं असेल. शाळा बंद होत्या त्या २०२० साली खोलीचं दार लावून तू एकटीने हे वाद्य शिकलीस, आम्ही कोणी एक सूर सांगितला नाही. दर शनिवारी हॉस्पिटलमधल्या लहान मुलांसमोर वाजवायला जातेस, हेही मला तुझ्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं. मला का नाही सांगितलंस गं? मी दिवसभर ज्याला त्याला सांगत फिरले.

बोटं तशीच, लांब आणि टोकाला चपटी, आजोबांची. गोव्यात फोंड्याच्या घरी चवथीला ते घुमट घेऊन बसायचे ते मी तुला किती वेळा सांगितलंय कोण जाणे. मातीचं ते भांडं डाव्या काखेत, उजव्या हाताची थाप कातड्यावर, आणि मागच्या तोंडावर डावा तळवा झाकत-उघडत राहायचा, त्याने आवाज घुमायचा. शेजारी शामेळाचा ढोल, कासाळ्यांच्या झांजा. एका घरची आरती झाली की पावसातून पुढच्या घरी. मी झोपेला आलेली असायचे पण माईचा पदर सोडायचे नाही, कारण माझ्या बाबांचं घुमट सुरू झालं की आमच्याच घरचं काहीतरी सगळा गाव ऐकतोय असं वाटायचं. तेव्हा घोरपडीचं कातडं असे. आता त्याला बंदी आहे, बकऱ्याचं लावतात. आजोबांना तो आवाज कधी पटला नाही, पण घोरपडी वाचल्या हे बरं झालं असंच म्हणायचे.

युकुलेलीचं मूळ तू त्यांना सांगितलंस तो दिवस आठवतो? मदैरा बेटावरचे पोर्तुगीज लोक उसाच्या मळ्यात राबायला हवाईला गेले, १८७९ साली रेव्हन्सक्रॅग नावाच्या जहाजातून होनोलुलूला उतरले, आणि बरोबर आणलेल्या छोट्या वाद्यावरून त्यांच्यातल्याच सुतारांनी हे घडवलं. आजोबा कितीतरी वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ओळखीचंच निघालं की!" १९६१ पर्यंत पोर्तुगीजांच्या राज्यात काढलेला माणूस तो, त्यांच्याबद्दल चांगलं बोलायचा नाही. पण त्या दिवसानंतर तुझ्या वाद्याला त्यांनी 'खेळणं' म्हटलं नाही.

परवा हवामान बघत होते. तुझ्या वाटेत, पेनसिल्वेनियातल्या सॉमरसेटच्या डोंगरावर, बुधवारी रात्री बर्फ दाखवताहेत. आपल्याकडे नुसता पाऊस असला तरी टर्नपाइकच्या महामार्गावर तिथे पांढरं असतं, बोगद्यातून बाहेर पडलं की एकदम. लिहायचं नव्हतं, लिहिलं.

जेवणाचं सांगते. गुरुवार असल्यामुळे नेहमीप्रमाणे टर्की शुक्रवारी, तुझ्या बाबांनी ती मिठाच्या पाण्यात घालायचं खातं स्वतःकडे घेतलंय. गुरुवारी खतखतें, त्यासाठी मामाने तेफळं पाठवलीत. क्रॅनबेरीचं लोणचं, रताळ्याचा कीस, आणि पम्पकिन पाय, कारण त्याच्या आतला मऊ भाग आजोबांना चालतो, थेरपिस्टला विचारून घेतलंय. टीव्हीवरची परेड छोटूला बघायची आहे, तर आवाज बंद करून बघेल. एकाच वेळी दोन आवाज आले की आजोबा गोंधळतात आणि मग दिवसभर गप्प राहतात.

त्यावरूनच एक. गेल्या वर्षी जेवताना तुझं आणि बाबांचं जे झालं, ते माझ्या लक्षात आहे. तू म्हणालीस ते मी नंतर वाचलं. प्लिमथला मूळचे रहिवासी १९७० पासून याच दिवशी शोक पाळतात हे खरं आहे, आणि पहिलं थँक्सगिव्हिंग म्हणतात त्या १६२१ च्या जेवणातल्या वाम्पानोआग लोकांच्या पुढच्या पिढ्यांचं काय झालं तेही. बाबांनीही वाचलंय, तोंडाने कबूल करणार नाहीत. तुला बोलायचं असेल तर जरूर बोल, मी अडवणार नाही. फक्त आजोबांचं गाणं होऊ दे, मग बोल. आणि आवाज न चढवता. आपल्या घरात या दिवशी आभार मानायचे ते यंदा मला आजोबांच्या तोंडून निघालेल्या त्या तीन कडव्यांचे मानायचे आहेत, आणि ते तुझ्यामुळे निघाले.

म्हणून म्हणते, रात्री निघू नकोस. नोव्हेंबरात पेनसिल्वेनियात हरणं रस्त्यावर येतात, त्यांचा माजाचा काळ असतो, सगळ्यात जास्त धडका याच दिवसांत होतात. पाचला अंधार पडतो. तुझ्या गाडीचे मागचे टायर बदलायचे तसेच आहेत, दिवाळीत बाबांनी दाखवले होते. गुरुवारी पहाटे उजाडल्यावर नीघ, नाहीतर सकाळची रेल्वे आहे, वेळ जास्त लागतो पण साडेचारच्या सुमारास नूअर्कला उतरशील, बाबा घ्यायला येतील. अल्टूनाजवळ गाडी डोंगराला वळसा घालते ते घोड्याच्या नालेसारखं वळण तू अजून दिवसाउजेडी पाहिलेलं नाहीस. आम्ही जेवण संध्याकाळीच करू. तुझ्यावाचून कोणी बसणार नाही.

तू आता मोठी आहेस, गाडी माझ्यापेक्षा चांगली चालवतेस, मला ठाऊक आहे. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही गं. आजोबांना झटका आला त्या रात्री मामाचा फोन आला तेव्हापासून अंधारात फोन वाजला की माझे पाय गळतात. आजोबांचं काय होईल ते माझ्या हातात नाही. तू कधी निघतेस एवढं तरी मागून बघते.

कार आणलीस तर युकुलेली डिकीत ठेवू नकोस, थंडीत लाकूड आकसतं. आत सीटवर ठेव, तिच्या केसमध्ये ओली स्पंजची डबी घाल, आपल्याकडे हीटरने हवा फार कोरडी होते. आधीच एक बारीक चीर आहे ना, तारा बांधतात त्या पुलाजवळ? ती वाढलीय का बघ. जादा तारांचा एक संचही आण, इथला संपलाय.

बाबा मागे उभे राहून विचारताहेत, तुझी ती रूममेट येणार असेल तर तिला तिखट चालतं का, आणि तिच्यासाठी गुरुवारी वेगळं काही करायचं का. उद्यापर्यंत कळव, मला बाजारात जायचंय.

तुझी,
आई