दाबपात्राला किती न्यूट्रॉन लागले, ते लिहून द्या : अणुऊर्जा राज्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय राज्यमंत्री, अणुऊर्जा विभाग,
नवी दिल्ली

महोदय,

सविनय नमस्कार. मी पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीची. नोकरीची सगळी वर्षं प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काढली. अणुभट्टीत ठेवलेल्या लोखंडाच्या, निकेलच्या, तांब्याच्या तारा बाहेर आल्या की त्यांतून निघणारे गॅमा किरण मोजायचे, हे माझं काम होतं. मागच्या आठवड्यात एका कार्यालयाचं पत्र आलं की मी मागितलेली माहिती देता येत नाही. एक ओळ, खाली न वाचता येणारी सही. याच कार्यालयातले मोठे साहेब गावच्या बैठकीत माइक हातात घेऊन म्हणाले होते, "ताई, आकड्यांचा सारांश तुम्हाला नक्की मिळेल, हा माझा शब्द." तो शब्द ऐकायला शंभरेक माणसं होती. म्हणून आता आपल्याला लिहिते.

मी मागितलं काय? तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांच्या दाबपात्रांना, म्हणजे अणुइंधन ज्यात असतं त्या जाड पोलादी भांड्यांना, आजवर किती वेगवान न्यूट्रॉन लागले, तो आकडा कुठल्या पद्धतीने काढला आणि तो किती टक्के चुकू शकतो. बाकी काही नाही.

या अणुभट्ट्या 1969 पासून वीज देत आल्या. मूळ क्षमता प्रत्येकी 210 मेगावॉट, पुढे ती 160 वर आणली. 2020 मध्ये दोन्ही मोठ्या दुरुस्तीसाठी बंद झाल्या. पाइप बदलता येतात, पंप आणि केबल बदलता येतात. दाबपात्र बदलता येत नाही. न्यूट्रॉन पोलादातले अणू जागेवरून उडवत राहतात आणि वर्षानुवर्षांनी ते पोलाद ठिसूळ होतं. पोलादात आणि त्याच्या वेल्डिंगमध्ये तांबं, निकेल जास्त असेल तर लवकर होतं. म्हणून त्याच पोलादाचे तुकडे पात्रात आधीपासून ठेवतात, काही वर्षांनी काढून हातोड्याखाली तोडतात आणि शेजारच्या तारांवरून न्यूट्रॉनचा हिशेब लावतात. तारापूरसारख्या उकळत्या पाण्याच्या अणुभट्टीत गाभा (इंधन असतं तो भाग) आणि पात्र यांच्यामध्ये पाणी भरपूर असतं, त्यामुळे मारा तुलनेने कमी होतो, हेही मी मान्य करते. आकडा चांगला असेल तर दाखवायला काय हरकत आहे?

आता जे मला रात्री झोपू देत नाही ते सांगते. न्यूट्रॉन लागले की लोखंडाच्या तारेत किरणोत्सारी मँगनीज-54 तयार होतं, त्याचं अर्धायुष्य (ते निम्मं उरायला लागणारा काळ) 312 दिवस. निकेलमधल्या कोबाल्ट-58 चं 71 दिवस. तांब्यातल्या कोबाल्ट-60 चं सव्वापाच वर्षं. म्हणजे तीस वर्षं आत राहिलेली लोखंडाची तार शेवटच्या दोन-तीन वर्षांचंच बोलते. आधीचं सगळं अणुभट्टी कधी किती शक्तीवर चालली त्या नोंदींवरून गणिताने भरावं लागतं. आणि अणुभट्टी पाच वर्षं बंद राहिली तर त्या तारेतलं मँगनीज दोन टक्क्यांच्याही खाली येतं. आपल्या टेबलांवर फाइल पडून राहते तेवढ्या काळात पुरावा संपतो. बंद झाल्यावर लगेच कोणती तार काढली, कधी मोजली, याची तारीखवार नोंद लोकांसमोर हवी, असं मी म्हणते ते यासाठी.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये यांकी रो नावाचं अणुवीज केंद्र होतं. 1991 मध्ये ते बंद करावं लागलं, कारण पात्र किती ठिसूळ झालंय हे कुणालाच खात्रीने सांगता येईना. वेल्डिंगमध्ये तांबं किती, हेही धड माहीत नव्हतं. 1992 मध्ये ते कायमचं बंद झालं. अमेरिकेतल्याच ओक रिजच्या संशोधन अणुभट्टीत 1986 मध्ये पात्र अंदाजापेक्षा जास्त ठिसूळ निघालं, तीही बंद ठेवली. पुढे कळलं की तिथे गॅमा किरणही अणू हलवत होते आणि ते हिशेबात धरलेच नव्हते. अमेरिकेच्या अणुनियामकाने 2001 मध्ये लिहून ठेवलं की पात्रावरच्या न्यूट्रॉनच्या गणितातली अनिश्चितता 20 टक्क्यांच्या आत हवी, आणि गणित प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून दाखवायला हवं. ते मार्गदर्शक चिंचणीत बसून मी फुकट वाचू शकते. आणि घराच्या गच्चीवरून दिसणाऱ्या अणुभट्टीचा आकडा मला वाचता येत नाही!

या एका आकड्यापायी माझं काय झालं ते कुणी विचारत नाही. गुडघे गेलेत, तरी पहाटेची लोकल धरून बोईसरहून मुंबई गाठायची, घरी अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला शेजारणीवर सोपवायचं. दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवायचं आणि मग "साहेब मीटिंगमध्ये आहेत" म्हणायचं, ही कुठली रीत? एका तरुण अधिकाऱ्याने तोंडावर सांगितलं, "तुम्ही टेक्निशियन होतात ना, हे शास्त्रज्ञांचं काम आहे." ज्या मोजण्यांवर शास्त्रज्ञांचे निबंध उभे राहिले त्या मोजण्या कुणी केल्या? भाऊ मासेमारी करतो, तो आता म्हणतो, "सोड ना ताई." नवराही तेच म्हणतो. त्या दिवशी पत्र वाचून मी रडले, महोदय, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

हे एका कार्यालयापुरतं नाही. 1962 च्या अणुऊर्जा कायद्याच्या कलम 18 ने माहिती झाकायची मुभा दिली आणि त्याखाली सगळंच झाकायची सवय लागली. 1983 मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ सरकारी आदेशाने उभं केलं आणि ज्या अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी ठेवलं, त्याच्या अध्यक्षपदी अणुऊर्जा विभागाचे सचिवच. अणुवीज केंद्रं चालवणारी कंपनीही त्याच विभागाची. 2012 मध्ये कॅगने लिहिलं की काही गुन्ह्यांना दंड 500 रुपये होता. पाचशे! आमच्या बाजारात एक बऱ्यापैकी पापलेट येत नाही तेवढ्यात. स्वतंत्र नियामकाचं विधेयक 2011 मध्ये आणलं आणि 2014 मध्ये लोकसभेबरोबर ते संपलं. पोफरण, अक्करपट्टीच्या लोकांनी तारापूरच्या पुढच्या दोन अणुभट्ट्यांसाठी घरं सोडली. इथल्या माणसांनी देशाला द्यायचं काय शिल्लक ठेवलंय? आम्ही जमीन द्यायची, समुद्र द्यायचा, आणि प्रश्न विचारला की आम्ही देशविरोधी?

मी अणुविजेच्या विरोधात नाही. माझं घर त्याच पगारावर चाललं. पण आयुष्य वाढवून घेतलेली अणुभट्टी लोकांनी केवळ विश्वासावर मान्य करावी, हे मला पटत नाही.

तेव्हा दोन गोष्टी करा. न्यूट्रॉनचा मारा कसा मोजायचा, कोणत्या तारा, कोणतं गणित, किती अनिश्चितता चालेल आणि निकाल कधी जाहीर करायचा, याचं मानक मराठीत आणि इंग्रजीत कुणालाही वाचता येईल असं प्रसिद्ध करा. ते ठरवणाऱ्या समितीत मोजणी करणारे तंत्रज्ञ आणि इथल्या गावांची माणसं घ्या. आणि तारापूरच्या दोन्ही दाबपात्रांचे आकडे त्यांच्या अनिश्चिततेसह जाहीर करा. नकारच द्यायचा असेल तर कारण लिहा, आणि सही करणाऱ्याचं नाव आणि पद वाचता येईल असं लिहा.

आपली,
चिंचणीची एक निवृत्त तंत्रज्ञ