टर्बो न बदलल्याबद्दल आभार: फोंड्याच्या मेस्त्रींना खुले पत्र

आदरणीय मेस्त्री,

सादर नमस्कार.

आपण माझ्या गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, बदलला नाहीत, याबद्दल हे पत्र आहे. गॅरेजमध्ये समोर उभा राहून हे बोलायला गेलो असतो, तर आपण "असू द्या हो" म्हणत हात पुसत पुसत दुसऱ्या गाडीकडे वळला असता, म्हणून लिहून कळवतो आहे. उघडपणे अशासाठी लिहितो, की गोव्यात जुनी टर्बो गाडी हौसेने घेणारे बरेच जण आहेत आणि त्यांच्यापैकी कोणाचा तरी लाखभर रुपयांचा नाहक खर्च या पत्रामुळे वाचावा, अशी माझी इच्छा आहे.

२०१६ सालची फियाटची अबार्थ पुंटो मी २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याहून ५ लाख ४० हजार रुपयांना आणली, हे आपल्याला माहीत आहे. आमच्या घरी वडिलांची पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, होती, त्यामुळे फियाटच्या गाडीविषयीचा जिव्हाळा लहानपणापासूनचा. ऑक्टोबर २०१५ मध्ये ही अबार्थ भारतात आली तेव्हा तिची दिल्लीतील शोरूम किंमत १० लाखांच्या किंचित आत होती. तेवढ्या पैशांत १३६८ सीसीचे, १४५ अश्वशक्तीचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक मिळत होते. ही गाडी घ्यायची असे मी तेव्हाच मनाशी ठरवले होते. ऐपत यायला सात वर्षे लागली.

पहिल्याच पावसाळ्यात चोर्ला घाट चढताना तिची ओढ गेली. इंजिन अडीच हजार फेऱ्यांच्या वर गेले की बोनेटखालून फुसफुस आवाज येई आणि पाय दाबला तरी गाडी पुढे सरकायला तयार नसे. पंधरा दिवसांत दुसरे लक्षण दिसू लागले. फर्मागुडीच्या चढावर वाहतुकीत थोडा वेळ थांबून पुन्हा निघालो की मागे निळसर धुराचा लोट उठायचा. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली, तर गाडीखाली न वाकताच "टर्बो गेला" असे सांगून १ लाख १० हजारांचा अंदाज हातात देण्यात आला. त्याहून अधिक मोहात पाडणारा सल्ला एका जाणकार मित्राचा होता: टर्बो काढायचाच आहे तर मोठा बसवून घे, सोबत रीमॅप कर, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली मांडणी बदल, गाडी १८० अश्वशक्तीच्या पुढे जाईल. खरे सांगायचे तर त्या दिवशी मी आपल्याकडे आलो तो हा दुसरा सल्ला मनात धरूनच.

आपण बोनेट उघडण्याआधी जुनी बिले मागितलीत, ती माझ्याकडे नव्हती. मग विचारलेत, धूर केव्हा येतो, पाय दाबल्याबरोबर की उभे राहून पुन्हा निघताना? त्यानंतर एअर फिल्टरकडून येणारा पाईप काढून आपण माझा हात धरलात आणि टर्बोच्या पंख्यामधला छोटा नट माझ्या दोन बोटांत दिलात. "बाजूला हलवा. आता आत-बाहेर ओढा. सवकास." बाजूला तो केसभर हलत होता, आत-बाहेर अजिबात नाही. एक्झॉस्टच्या गरम वायूने एका टोकाचा पंखा फिरतो, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा पंखा हवा दाबून इंजिनात भरतो, आणि मिनिटाला लाख-दीड लाख फेऱ्या घेणारा तो शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, म्हणून बाजूची इतकीशी हालचाल असायचीच. ती आत-बाहेर झाली किंवा पंख्याची पाती भोवतीच्या कवचाला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर मात्र टर्बो गेला समजायचे. हे सगळे मी पूर्वी वाचलेले होते. समजले त्या दिवशी, बोटांना.

मग तेल येत होते कुठून? इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी आपण काढून दाखवलीत, तिच्यात काळा, चिकट साका दाटला होता. ती चोंदल्यामुळे क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनाच्या पोटातला, दाब वाढे, टर्बोतून खाली निथळणाऱ्या तेलाला परतीची वाट मिळत नसे आणि ते सीलमधून एक्झॉस्टकडे झिरपे. आधीच्या मालकाने तेल वेळेवर बदलले नव्हते, त्याचा हा परिणाम. फुसफुस आवाजाचे कारण शोधायला आपण पीव्हीसी पाईपचे झाकण, त्यात बसवलेला टायरचा व्हॉल्व्ह आणि साबणाच्या पाण्याची बादली एवढेच काढलेत. झाकणाने हवेची वाट बंद करून आत हवा भरली आणि इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) रबरी नळीवर, बरोबर क्लॅम्पच्या कडेखाली, बुडबुड्यांची एक ओळ उठली. फट नखाएवढी होती. नळी, क्लॅम्प, ब्रीदरची सफाई, तेल आणि फिल्टर धरून आपले बिल झाले ७,८०० रुपये.

त्यानंतर मी पुन्हा मोठ्या टर्बोचा विषय काढला, तेव्हा आपण रागावला नाहीत. बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवला की हवा जास्त तापते, आमच्याकडच्या मे महिन्यात इंटरकूलर आधीच थकलेला असतो, तशात मिश्रण वेळेआधी पेटू लागले की पिस्टनला मार बसतो, आणि ती वाढीव ताकद झेलायला क्लच तर जुनाच राहतो, हे आपण शांतपणे समजावलेत. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची आठवणही आपणच करून दिलीत, कारण नोंदणीत लिहिल्याहून गाडी वेगळी केली तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यावर वाद उभा राहू शकतो. तरीही "हौस असेल तर करा, पण आधी कंपनीने दिलेले १४५ घोडे तरी पुरते परत आणूया," असे म्हणून आपण जी यादी लिहून दिलीत, तीच माझ्या मते या गाडीची खरी सुधारणा ठरली.

त्या यादीत पहिले नाव टायमिंग बेल्टचे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल जुळवणाऱ्या पट्ट्याचे, होते. हा बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळण्याचा धोका असतो आणि आधीच्या मालकाने तो कधी बदलला याचा पत्ता नव्हता. सोबत तो पट्टा ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप. टायरांवर भरपूर नक्षी शिल्लक होती म्हणून मी ते ठेवणार होतो. आपण कडेवरचे चार आकडे वाचायला लावलेत, ३२१७, म्हणजे टायर २०१७ च्या ३२ व्या आठवड्यात बनलेले; नक्षी असली तरी रबर जुने. ब्रेकचे तेल, पॅड, पुढचे बुश, स्पार्क प्लग ही बाकीची कामे पगाराप्रमाणे आठ महिन्यांत झाली. फियाटची भारतातली विक्री थांबल्यामुळे सुटे भाग मिळणार नाहीत या धास्तीत मी होतो, पण लिनिया टी-जेटमध्ये याच घराण्याचे इंजिन असल्यामुळे कोणता भाग तिचा चालतो आणि कोणता चालत नाही, हे आपण वहीत पाहून सांगायचात. त्या वहीचे मोल मी रुपयांत सांगू शकणार नाही.

आता किमतीविषयी. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीचे विम्यातील मूल्य ठरलेल्या घसाऱ्याने काढतात. त्यानंतर ते विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, हे मला आपल्याकडूनच कळले. गेल्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी मला ३ लाख १० हजारांचा आकडा देण्यात आला होता. मी सगळी बिले तारखेप्रमाणे लावलेली फाइल आणि आपण स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेला कागद पुढे ठेवला. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (पिस्टनने आत दाबलेल्या हवेचा दाब) १२ बारच्या आसपास, टर्बोच्या शाफ्टची हालचाल योग्य, आणि त्याखाली, मी नको म्हणत असतानाही, आपण लिहिले होते: डाव्या मागच्या चाकाच्या कमानीत गंज सुरू आहे, उपचार केला आहे, पुन्हा पाहावे. गाडीची तपासणी झाली आणि मूल्य ४ लाख ६० हजारांवर ठरले. तपासणीला आलेल्या गृहस्थांनी गंजाची ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, हे लिहिले आहे म्हणून बाकीचे खरे मानतो.

गेल्या महिन्यात म्हापशाचे एक गृहस्थ गाडी पाहायला आले होते. सुरुवातीला त्यांनी केवळ साल पाहून साडेतीन लाख म्हटले, फाइल चाळल्यावर स्वतःहून सव्वापाच लाखांवर आले. मी गाडी दिली नाही. पण आपली गाडी नेमकी किती मोलाची आहे हे ठाऊक असताना ती न विकणे आणि तोटा होईल या भीतीने अडकून राहणे यांत मोठा फरक आहे, आणि पहिली स्थिती मला आपल्यामुळे अनुभवता आली.

आपण सांगितल्याप्रमाणे घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करत नाही, मिनिटभर तसेच चालू ठेवतो, म्हणजे तापलेल्या टर्बोत तेल जळत नाही. पेट्रोलमधले इथेनॉल ओल धरते, म्हणून पावसात गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवतो. तेल दर ७,००० किलोमीटरला बदलतो आणि बिल त्याच दिवशी फाइलला लागते. चाकाच्या कमानीतला गंज या पावसात पुन्हा थोडा वर आलेला दिसतो आहे. चवथीनंतर आपल्याला सवड असेल त्या दिवशी गाडी घेऊन येतो. कागदावर पुढची ओळ आपणच लिहावी.

आपला ऋणी,
पांढऱ्या पुंटोचा मालक
फोंडा, गोवा