इटलीतल्या कॅसिनो गावात भेटलेल्या अनोळखी माणसांचे आभार

माणगावातला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा लहानपणापासून पाहत आलो, पण त्यांची गोष्ट नीट सांगितली ती गावातल्या एका निवृत्त सुभेदारकाकांनी. दुसरं महायुद्ध, १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात तुकडीतले बाकी सगळे पडले. हे एकटे धावून गेले, ग्रेनेड टाकला. मॅगझिन बदलायला वेळच नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने लढले. मग छातीत आणि पाठीत गोळ्या लागल्या. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला तो मरणोत्तर.

त्यांची कबर कुठेच नाही, फक्त कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. तिथे भर उन्हात रस्ता चुकलेल्या आम्हा दोघांना स्वतःच्या गाडीतून सोडणारे आजोबा, तुमचे आभार. (भाषा एकमेकांची शून्य, पण पाणी आधी पाजलंत.) नाव सापडेना तेव्हा हातातलं काम टाकून आलेल्या आणि ओल्या फडक्याने अक्षरं पुसून देणाऱ्या माळीदादांचेही.

सुभेदारकाका, फोटो घेऊन रविवारी येतोय.