जिन्याखालची खोली

मालाड, मुंबई
रविवार, दुपार

प्रिय सुमे,

संस्थेची अध्यक्ष झाले म्हणून तू एवढं भरभरून लिहिलंस, आणि मी महिनाभर उत्तर नाही. अगं, या महिन्यात मी बसले ती बहुतेक पोलीस ठाण्याच्या बाकावरच.

परवाचंच सांगते. एक नेपाळी मुलगी, नवरा सोसायटीत वॉचमन, जिन्याखालच्या खोलीत संसार. ठाण्यात तिचं बोलणं हिंदीत सांगायला कोण, तर नवऱ्याचाच मोठा भाऊ! ती पाच मिनिटं रडत बोलली आणि तो म्हणाला, "साहेब, घरातलं थोडं भांडण आहे." पोलीस एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून मोकळे व्हायच्या बेतात होते. मला नेपाळी येत नाही, पण ती सारखं 'कुट्छ, कुट्छ' म्हणत होती. आपण लसणाची चटणी कुटतो ना, तेच कुटणं. मी उठले, इथल्या मालवणी वस्तीतल्या आमच्या नेपाळी ताईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मग कुठे खरं कागदावर आलं.

कायदा तिच्या बाजूने आहे. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात 'कोणतीही स्त्री' म्हटलंय, नागरिकत्वाची अट नाही. घर तिच्या नावावर नसलं तरी राहायचा हक्क आहे. पण ही खोली नोकरीबरोबर आलेली. तक्रार केली की नोकरी जाणार, नोकरी गेली की खोली. तो भावाकडे जाईल, ही लेकराला घेऊन कुठे जाणार? तिची 'नागरिकता', म्हणजे नेपाळचा ओळखीचा कागद, तोही दिराच्या पेटीत. सेक्रेटरींकडे मुदत मागायला गेले तर म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे असली लफडी नकोत."

ती म्हणतेय, "अहिले नको, दिदी." म्हणजे आत्ता नको. मी बरं म्हटलं. दोन वर्षांपूर्वी एका तेलुगू बाईने असंच माघार घेतली, तेव्हा मी चिडून बोलून गेले होते, "मग आलीस कशाला?" ती परत आली नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुलाच लिहितेय.

ऑफिसच्या भिंतीवर आता एक कागद चिकटवलाय: नेपाळी, तेलुगू, बंगाली, तमिळ, आणि प्रत्येकीपुढे दोन-दोन बायकांचे फोन. दोन अशासाठी, की एक नात्यातली निघाली तर दुसरी असावी. वारलीपुढे जागा रिकामी आहे. आरेच्या पाड्यांवरून बायका येतात, त्यांच्याबरोबर बोलायला सासरचंच कोणीतरी.

तू डहाणूला एवढी वर्षं शिकवतेस. तुझ्या जुन्या विद्यार्थिनींत बघ ना कोणी. वारली घरात बोलणारी हवी, रात्री फोन उचलणारी हवी, आणि आरेत तिची नणंद-भावजय कोणी नको. मानधन थोडंच देता येईल, तेवढं आधी सांग.

तुझीच,
शमे

ता. क. चिकू मिळाले. निम्मे ऑफिसात गेले.