पावलांचा तक्ता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर आम्ही सात-आठ जणी गेली अकरा वर्षे सकाळी फिरायला जातो. चढावर कुणाला धाप लागली की सगळ्या थांबायच्या. मंगळाई देवीचे दर्शन घेऊन घटकाभर टेकायचे, घरची सुखदुःखे बोलायची. दीड वर्षापूर्वी एकेकीच्या हातात मुलांनी घेऊन दिलेली घड्याळे आली आणि ग्रुपवर रोज रात्री पावलांचा तक्ता पडू लागला. आता वर पोहोचल्यावर कुणी बसत नाही. दहा हजार पुरे करायचे म्हणून बोलतानाही येरझाऱ्या चालू असतात.

आमच्यातल्या एकीचे गुडघे दुखतात. तिचे नाव रोज तळाला. तिला कुणी काही बोलले नाही, पण महिनाभरात तिने यायचेच सोडले. विचारले तर म्हणाली, "माझ्यामुळे तुमची पावलं कमी पडतात गं."

या दहा हजारांसाठी तिने एवढे मनाला लावून घ्यावे, असे त्या आकड्यात काहीच नाही. १९६५ साली एका जपानी कंपनीने पावले मोजायचे यंत्र विकायला काढले, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचे मापक' असा होता. हा आकडा तिथून जगभर गेला. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांवर वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ७२ होते. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले आणि साधारण ७,५०० नंतर फायदा वाढताना दिसला नाही. माझी मैत्रीण चार-साडेचार हजार सहज चालत होती!

घड्याळाला माझा विरोध नाही. मधुमेह असलेल्या माझ्या भावाला त्यामुळेच चालायची सवय लागली. पण स्वतःसाठी ठेवलेली नोंद चारचौघांत मांडली की तिची गुणपत्रिका होते. काही आरोग्य विमा योजनांत तर पावलांच्या हिशेबाने नूतनीकरणाच्या हप्त्यात सवलत मिळते. ज्याला सकाळचा तासभर मोकळा आहे आणि ज्याचे पाय धड आहेत, त्याला ती मिळणार. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी पाच घरे पायी करतात, त्यांच्या मनगटावर घड्याळ नाही आणि नावावर विमाही नाही. संधिवाताच्या किंवा अपंग विमेदाराने मात्र पूर्ण हप्ता भरायचा, हे मला अन्यायाचे वाटते. त्यांच्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम किंवा नियमित तपासणी ग्राह्य धरावी, असा नियम विमा नियामकाने करायला हवा. सोसायट्यांनी आणि कार्यालयांनीही पावलांच्या स्पर्धा घेताना नावानिशी यादी लावू नये.

आमच्या ग्रुपवरचा तक्ता आम्ही गेल्या सोमवारपासून बंद केला. मी मैत्रिणीच्या घरी दोनदा जाऊन आले. ती अजून यायला तयार नाही.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा