बारा जणांची संघटना आणि आमचा नोंदणी क्रमांक

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला समावेशित शिक्षणावरचा, म्हणजे दिव्यांग मुलांना साध्या शाळेत इतरांबरोबर शिकवण्यावरचा, लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिला आहे, तरी त्यातलं एक विधान मला खटकलं. अमेरिकी सरकारने १९७५ साली कायदा करून दिव्यांग मुलांसाठी शाळेचं दार उघडलं, असं लेखक म्हणतात. कायदा झाला हे खरं. २९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यावर सही केली. पण एके दिवशी सरकारला सद्बुद्धी सुचली आणि कायदा झाला, असं जगात कुठे घडत नाही, तिथेही घडलं नाही. त्यामागे पालक होते, कोर्टकचेऱ्या होत्या आणि कायद्याआधी त्रेपन्न वर्षं काम करत आलेली शिक्षकांची एक संघटना होती. तिच्याबद्दल आपल्याकडे बोललंच जात नाही. माझा सगळा जन्म मतिमंद मुलांच्या शाळेत गेला (आता 'बौद्धिक अक्षमता' म्हणतात, म्हणायलाच हवं), म्हणून हे चार शब्द.

या संघटनेचं आजचं नाव 'कौन्सिल फॉर एक्सेप्शनल चिल्ड्रन'. १० ऑगस्ट १९२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात ती स्थापन झाली. उन्हाळी वर्गाला आलेले शिक्षक आणि त्यांना शिकवणाऱ्या एलिझाबेथ फॅरेल, अशी बारा माणसं. फॅरेल पहिल्या अध्यक्ष झाल्या.

या बाई मूळच्या खेड्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या. सगळ्या इयत्तांची पोरं एकत्र बसवून कसं शिकवायचं, हे तिथेच अंगवळणी पडलेलं. १८९९ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या हेन्री स्ट्रीटवरच्या शाळेत आल्या. ती स्थलांतरितांची दाटीवाटीची वस्ती. तिथे त्यांच्या हाती लागली ती इतर वर्गांना नकोशी झालेली मुलं. वय आठ ते सोळा. कुणी शाळा बुडवणारा, कुणी मारामाऱ्या करणारा, कुणाला अक्षर लागत नाही. बाईंनी पुस्तकं बाजूला ठेवली आणि लाकडाचे तुकडे, तारा, चामड्याचे तुकडे, रंग आणि ब्रश घेऊन वर्ग सुरू केला. १९०६ पर्यंत शहरात असे बरेच वर्ग झाले आणि त्या सगळ्यांच्या त्या निरीक्षक झाल्या.

थोड्याच वर्षांत एक मोठा वाद झाला. हेन्री गॉडार्ड हे तेव्हाचे बुद्धिमापन चाचण्यांचे बडे प्रस्थ. न्यूयॉर्कच्या शाळांत पंधरा हजार मुलं मंदबुद्धीची आहेत, असा त्यांनी अंदाज मांडला. फॅरेल यांनी त्या आकड्याला आणि तो काढण्याच्या पद्धतीला उघड विरोध केला. रोज वर्गात जाणारी एक शिक्षिका नामवंत मानसशास्त्रज्ञाला तुमचा हिशेब पटत नाही असं सांगते, तेही त्या काळात! मला बाईंचं फार कौतुक वाटतं ते इथे.

१९२२ च्या त्या संघटनेने तीन उद्देश लिहून ठेवले होते. विशेष मुलांच्या शिक्षणात रस असणाऱ्या सगळ्यांना एकत्र आणायचं. मूल ओळखून त्याचं वर्गीकरण करण्यापेक्षा त्याला शिकवण्यावर भर द्यायचा. आणि या क्षेत्रातल्या शिक्षकांसाठी व्यावसायिक दर्जाचे निकष ठरवायचे. पगाराचं नाव नाही, अनुदानाचं नाव नाही. दुसरा उद्देश गॉडार्ड प्रकरणाचा अनुभव घेतलेल्या बाईंच्या डोक्यातूनच आला असणार, असं आपलं मला वाटतं.

पुढची पन्नास वर्षं म्हणाल तर कंटाळवाणी आहेत. वार्षिक अधिवेशनं झाली. १९३४ मध्ये नियतकालिक निघालं, त्याचंच पुढे 'एक्सेप्शनल चिल्ड्रन' झालं. १९४१ मध्ये संघटना तिथल्या राष्ट्रीय शिक्षक संघटनेचा एक विभाग बनली आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा वेगळी झाली. आत पोटविभाग वाढले. १९६६ साली शिक्षक-प्रशिक्षणाचे निकष पुस्तकरूपात आले. मथळ्यात यावं असं यात काही नाही.

पण १९६८ ची गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या साली याच नियतकालिकात लॉइड डन यांचा लेख आला. डन हे याच संघटनेचे माजी अध्यक्ष, म्हणजे घरचेच माणूस. सौम्य मतिमंद म्हणून आपण ज्या मुलांना वेगळ्या वर्गात बसवतो त्यांतली बहुतेक गरीब घरांतली, कृष्णवर्णीय नाहीतर इंग्रजी न बोलणाऱ्या घरांतली आहेत, आणि या वर्गांपैकी बऱ्याच वर्गांचं समर्थन करता येत नाही, असं त्यांनी लिहिलं. ज्या वर्गांवर सभासदांची पोटं चालत होती त्यांच्यावरच हा हल्ला. संघटनेने तो स्वतःच्या अंकात छापला. टीका झाली, उत्तरं-प्रत्युत्तरं झाली, आणि तो लेख आजही शिकवला जातो. आपल्याकडच्या कुठल्या संस्थेच्या मुखपत्रात असं काही छापून येईल? आमच्याकडे मुखपत्रात सत्काराचे फोटो असतात.

तेव्हा अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात पाच वर्षांचं मानसिक वय नसलेल्या मुलाला शाळा नाकारण्याची सोय कायद्यातच होती. पालकांची संघटना कोर्टात गेली आणि १९७२ पर्यंत तिथे आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये मुलांच्या बाजूने निर्णय झाले. त्या काळात फ्रेडरिक वाइनट्रॉब आणि अॅलन अॅबेसन हे कौन्सिलचे दोन अधिकारी राज्याराज्यांतले कायदे आणि खटले गोळा करून त्यांची छाननी करत होते. संसदेत विधेयकाचा विषय आला तेव्हा कागद तयार होते आणि ते समजावून सांगू शकणारी माणसंही होती. दहा लाख मुलं सरकारी शाळेबाहेर आहेत, हे त्या कायद्याच्या मजकुरातच नोंदलेलं आहे. आज आम्ही प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा करतो, आय.ई.पी. म्हणतो, तो त्याच कायद्यातून आपल्याकडे आला. डोंबिवलीतल्या मुलाला वाण्याकडून पाच रुपयांची पुडी आणून उरलेले पैसे मोजता यावेत, हे उद्दिष्ट मी वर्षानुवर्षं ज्या रकान्यात लिहिलं, त्या रकान्याचा उगम तिथला आहे.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे क्रम उलटा लागला. विशेष शिक्षकांची नोंदणी करणारी भारतीय पुनर्वास परिषद आधी १९८६ मध्ये संस्था म्हणून आली, १९९२ च्या कायद्याने तिला वैधानिक दर्जा मिळाला. ती नसती तर कुणीही उठून विशेष शिक्षक म्हणवून घेतलं असतं, तेव्हा तिचे उपकार आहेतच. पण ती सरकारने वरून दिलेली. आम्हाला नोंदणी क्रमांक मिळाला, दर पाच वर्षांनी नूतनीकरण आलं, त्यासाठी कार्यशाळांचे गुण आले. कार्यशाळेत जेवणाच्या सुट्टीनंतर किती खुर्च्या रिकाम्या होतात आणि प्रमाणपत्राच्या टेबलाशी किती गर्दी होते, ते ज्याने पाहिलंय त्याला मी काय म्हणते ते कळेल. क्रमांक असणं वेगळं आणि आवाज असणं वेगळं.

त्यात आम्ही वाटले गेलेलो. कर्णबधिरांचे शिक्षक वेगळे, अंधांचे वेगळे, आमचे वेगळे. पदविकाच वेगळ्या. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, साध्या शाळेत जाणारी दिव्यांग मुलं शालेय शिक्षण विभागाकडे. माझी एक विद्यार्थिनी समग्र शिक्षा योजनेत करारावर आहे, आठवड्यात गावोगावच्या शाळांना एसटीने फिरते. तिचं प्रशिक्षण कर्णबधिर मुलांचं. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार एकवीस. एका गावात स्वमग्न मुलगा, पुढच्या गावात अंशतः दृष्टी असलेली मुलगी. अडलं की ती मला फोन करते. 'तुमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर का नाही विचारत गं?' म्हटलं. 'मॅडम, तिथे फक्त मानधन कधी जमा होणार एवढंच चालतं.' तिचाही दोष नाही, ग्रुपचाही नाही. मानधन तीन-तीन महिने रखडलं तर दुसरं सुचणार काय?

सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी विशेष शिक्षकांचं प्रमाण सांगितलं : प्राथमिकला दहा मुलांमागे एक, त्यापुढे पंधरा मुलांमागे एक. ही याचिका केली होती उत्तर प्रदेशातल्या प्रशिक्षित विशेष शिक्षकांनी, स्वतःच्या नावाने. रजनीश कुमार पांडे विरुद्ध भारत सरकार. जवळजवळ साडेतीन वर्षांनी, ७ मार्च २०२५ रोजी, न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावं लागलं की पदं मंजूर करा, जाहीर करा, भरती सुरू करा. या मधल्या काळात कुठल्या जिल्ह्यात किती मुलं, किती पदं हवीत, याचा स्वतंत्र हिशेब मांडून सरकारपुढे ठेवणारं शिक्षकांचं कुणी नको होतं का? वाइनट्रॉब-अॅबेसन यांनी जे केलं ते हेच. आपल्याकडे विशेष शाळांच्या कर्मचारी संघटना आहेत, मुख्याध्यापकांच्या आहेत. वेतन आणि थकबाकीसाठी त्या झगडतात, झगडल्याच पाहिजेत. पण शिकवायचं कसं, शिक्षकाला काय यायला हवं, आपलं काय चुकतंय, यावर बोलायला जागा नाही.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. जिल्हावार किती पदं मंजूर झाली आणि किती भरली गेली, याचा तक्ता मिळवून छापा. तुमच्या बातमीदाराने विचारलं तर माहिती लवकर मिळेल, आमच्या अर्जांना पोच सुद्धा मिळत नाही.

आणि कल्याण-डोंबिवली परिसरातल्या विशेष शिक्षकांना सांगायचं आहे की आमच्या वाचनालयाने वरच्या मजल्यावरची खोली दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चार ते सहा द्यायचं कबूल केलं आहे. भाडं नाही. करारावरचे, कायम, निवृत्त, कुठल्याही अपंगत्वाच्या मुलांना शिकवणारे, कुठल्याही खात्याचे, सगळ्यांनी यावं. येताना एका मुलाचा आय.ई.पी. घेऊन यावा, मुलाचं नाव झाकून. पहिल्या बैठकीत तेवढंच वाचायचं आहे.

आपली,
एक निवृत्त विशेष शिक्षिका, डोंबिवली